परदेशातला रेल्वे पास : गिऱ्हाईक बघून भाव

१ ऑक्टोबर २०२३ रोजी जपानमधल्या रेल्वे कंपन्यांनी परदेशी पाहुण्यांसाठीच्या ‘जपान रेल पास’चा भाव एका झटक्यात वाढवला. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांना मिळायचा, तो थेट ५०,००० येनांवर गेला. चौदा दिवसांचा ४७,२५० वरून ८०,००० वर आणि एकवीस दिवसांचा ६०,४५० वरून पूर्ण एक लाखावर. त्याला आता बराच काळ लोटला. तरी ‘जपानला चाललायस? मग आधी रेल पास काढ, डोळे झाकून,’ असा सल्ला अजूनही आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतो. देणाऱ्याचं मन चांगलं असतं, हिशोब मात्र जुना असतो.

नवा हिशोब तुम्हीच करून बघा. टोकियो ते हिरोशिमा या मोठ्या पल्ल्याला बुलेट ट्रेनच्या आरक्षित आसनाचं भाडं साधारण १९ ते २० हजार येन आहे. जाऊन-येऊन चाळीस हजार. वाटेत क्योटोला उतरलात तर आणखी थोडे. म्हणजे आठवड्यात अर्धा जपान पालथा घातला तरी पन्नास हजारांचा पास वसूल होता होत नाही. पूर्वी टोकियो-क्योटो नुसतं जाऊन-येऊन केलं की पासाचे पैसे जवळजवळ फिटायचे. आज तोच प्रवास सुटी तिकिटं काढून केला तर साधारण २८ हजार येनांत होतो. पास काढला तर पन्नास हजार. वरचे बावीस हजार येन म्हणजे आपले बारा-तेरा हजार रुपये. एवढ्या पैशांत जपानमध्ये साध्या हॉस्टेलवर काही रात्री निघतात.

हा विषय बेल्ह्यासारख्या गावात कशाला, असं कुणी म्हणेल. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून एकही रेल्वे स्टेशन नाही. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा २३५ किलोमीटरचा आराखडा आपल्या भागातून जाणार म्हणून किती वर्षं चर्चा झाली. मग खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणींना अडथळा होईल या कारणावरून मार्ग अहिल्यानगर-शिर्डीकडे वळवायचं ठरलं आणि त्यावरून आंदोलनं, निवेदनं सुरू झाली. तो वाद इथे नको. पण त्याचा एक परिणाम असा की, इथली मुलं रेल्वेच्या सवयीशिवाय मोठी होतात. आळेफाट्यावरून एसटी, माळशेज उतरून कल्याण, नाहीतर नारायणगाव-मंचर करत पुणे. रेल्वे दिसते ती तिथे. आणि तीच मुलं आता बेल्ह्याच्या समर्थ संकुलातून डिप्लोमा, इंजिनिअरिंग, आयटीआय करून पुण्यातली जर्मन भाषेची क्लासेस लावतायत. त्यातल्या काही जणांच्या आयुष्यातला पहिला रोजचा रेल्वे प्रवास कर्जतचा किंवा लोणावळ्याचा नसून श्टुटगार्टचा असणार आहे. म्हणून हा विषय.

पास म्हणजे नेमकं काय, हे समजायला मात्र परदेशी जायची गरज नाही. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास घरातल्या कुणीतरी काढलेला असतोच. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. जो अष्टविनायक, कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर एका दमात करतो त्याला तो परवडतो. जो काढून दोन दिवस मावशीकडे जाऊन झोपतो त्याला तो महागात पडतो. जगातला प्रत्येक पास याच गणितावर चालतो. विकणारा तुमच्या आळसावर पैज लावतो, तुम्ही तुमच्या पायांवर.

पण गेल्या तीन-चार वर्षांत या गणितात एक नवी गोष्ट घुसली आहे, आणि ती किमतीपेक्षा महत्त्वाची आहे. पूर्वी ‘किती फिरणार?’ हा एकच प्रश्न होता. आता त्याआधी विचारलं जातं, ‘तुम्ही कागदावर कोण?’ सोमवारच्या बैलबाजारात व्यापारी जसा आधी गिऱ्हाईक बघतो आणि मग भाव सांगतो, तसंच थोडंसं. पाहुण्याला एक भाव, राहणाऱ्याला दुसरा, विद्यार्थ्याला तिसरा. आणि हा भाव तोंडाकडे बघून ठरत नाही. तो पासपोर्टवरच्या शिक्क्यावर, भाडेकरारावर, बँक खात्यावर आणि कधी कधी फोनच्या मॉडेलवर ठरतो.

शिक्का कोणता?

जपानचंच घ्या. जपान रेल पास फक्त ‘तात्पुरता पाहुणा’ असा दर्जा पासपोर्टवर असणाऱ्याला मिळतो. तुम्ही तिथे विद्यार्थी व्हिसावर किंवा कामाच्या व्हिसावर गेलात तर तो पास तुम्हाला मिळणारच नाही, भारतीय पासपोर्ट असला तरी. ऑनलाइन पैसे भरून ठेवलेत आणि तिथे खिडकीवर शिक्का दाखवायची वेळ आली की अडकलात. त्याऐवजी विद्यार्थ्यांसाठी तिथे वेगळी सोय आहे. एका बाजूचं अंतर शंभर किलोमीटरच्या वर असेल तर कॉलेजकडून दाखला घेऊन मूळ भाड्यात वीस टक्के सूट मिळते. त्याची जाहिरात कुणी करत नाही. कॉलेजच्या ऑफिसात विचारावं लागतं.

युरोपात याचं दुसरं रूप आहे. अनेक देशांत एकच पास चालावा म्हणून तिथे दोन जुळे पास आहेत. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी ‘युरेल’, तो १९५९ पासून आहे. युरोपात राहणाऱ्यांसाठी ‘इंटररेल’, तो १९७२ मध्ये एकवीस वर्षांखालच्या पोरांसाठी म्हणून सुरू झाला आणि नंतर सगळ्यांना खुला झाला. इथे प्रश्न नागरिकत्वाचा नाही, राहण्याचा आहे. म्हणजे सुटीत फिरायला निघालेल्या बेल्ह्याच्या मुलीला युरेल, पण म्युनिकमध्ये दोन वर्षांच्या मास्टर्सला असलेल्या तिच्याच मैत्रिणीला इंटररेल. पुन्हा इंटररेलमध्ये एक गोम आहे. तुम्ही ज्या देशात राहता, त्या देशात तो पास फक्त बाहेर पडायला एकदा आणि परत यायला एकदा चालतो. ‘जर्मनीत राहतो, इंटररेल काढतो आणि महिनाभर जर्मनी बघतो,’ हा बेत त्यात बसत नाही.

दोन्ही पासांत सत्तावीस वर्षांपर्यंतच्यांना तरुणांचा दर लागतो, हे चांगलं. पण पास आहे म्हणजे गाडीत बसता येईलच, असं नाही. फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या वेगवान गाड्यांना आणि लंडन-पॅरिस युरोस्टारला पासधारकानेही आसन वेगळे पैसे देऊन आरक्षित करावं लागतं, आणि पासधारकांसाठीची आसनं मोजकी असतात. हा वरचा खर्च पासाच्या किमतीत धरायला बहुतेक जण विसरतात. माझं मत विचाराल तर दोन आठवड्यांत तीन-चार शहरं बघायची असतील आणि तारखा पक्क्या असतील तर दोन-तीन महिने आधी काढलेली सुटी तिकिटं बहुतेक वेळा पासाला हरवतात. पास त्यालाच शोभतो जो सकाळी उठून ठरवतो की आज कुठे जायचं. आपल्याकडची मंडळी व्हिसासाठी हॉटेलची सगळी बुकिंग आधीच दाखवून जातात, मग मोकळेपणाचे पैसे कशासाठी भरायचे?

जर्मनीचं तिकीट आणि दहा तारीख

जर्मनीवर जरा जास्त बोलायला हवं, कारण महाराष्ट्रातून तिकडे जाणारा ओघ आता फक्त मास्टर्सवाल्यांचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. दहा हजार तरुणांचा आकडा तेव्हा जाहीर झाला होता. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, स्वयंपाकी अशी कामं त्यात आहेत. प्रत्यक्षात किती जण कधी गेले, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण श्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी, मुंबईचं १९६८ पासूनचं भगिनी शहर, आणि ते नाव आता जुन्नर तालुक्यातल्या क्लासच्या पोरांच्या तोंडी आहे, एवढं खरं.

२०२२ च्या उन्हाळ्यात जर्मनीने महागाईवर उतारा म्हणून जून ते ऑगस्ट असं तीन महिने, महिन्याला नऊ युरोंचं तिकीट काढलं. देशभरातल्या लोकल, प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम, मेट्रो सगळं त्यात. सुमारे पाच कोटी वीस लाख तिकिटं खपली. त्यातून १ मे २०२३ पासून कायमचं ‘डॉइचलांडटिकेट’ आलं, महिन्याला ४९ युरो. जानेवारी २०२५ पासून ते ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. आपल्या पैशांत साडेसहा हजारांच्या आसपास. वाढ दिसतेच आहे, आणि तिचं कारणही उघड आहे. या तिकिटापायी येणारा तोटा भरायला केंद्र आणि राज्यं मिळून वर्षाला तीन अब्ज युरो घालतात, आणि दर वर्षी ‘पुढचे पैसे कुणी द्यायचे’ यावर त्यांची रस्सीखेच चालते. आपल्याकडे एसटीच्या सवलतींची भरपाई सरकारने महामंडळाला कधी द्यायची यावरून जे होतं, त्याचाच हा जर्मन अवतार.

तरीही रोज कामाला जाणाऱ्यासाठी ६३ युरो स्वस्तच. पण तीन गोष्टी नीट लक्षात घ्या. पहिली, ते तिकीट नसून वर्गणी आहे. महिना कॅलेंडरचा आणि दर महिन्याला आपोआप पैसे कापले जातात. थांबवायचं असेल तर त्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. अकरा तारखेला जाग आली तर पुढचा महिनाही भरायचा. पर्यटक म्हणून दोन आठवडे गेलात, तिकीट काढलंत आणि घरी येऊन विसरलात, तर बेल्ह्यात बसून जर्मनीच्या बसचे पैसे भरत राहाल.

दुसरी, ते वेगवान गाड्यांना चालत नाही. फलकावर गाडीच्या नंबराआधी अक्षरं असतात. आरई, आरबी, एस ही अक्षरं असली तर बसा. आयसीई, आयसी, ईसी असली तर ती गाडी तुमची नाही. स्टेशन तेच, फलाट तोच, रूळ तेच. आपल्याकडे पॅसेंजरचं तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये चढण्यासारखंच, पण परिणाम जास्त कडक.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. विद्यार्थ्यांसाठी याच तिकिटाचं सेमिस्टर रूप आहे, मूळ किमतीच्या साठ टक्क्यांत. ज्या विद्यापीठांनी ते स्वीकारलंय तिथे ते सेमिस्टरच्या फीमध्येच धरलेलं असतं. म्हणजे तुम्ही आधीच पैसे भरलेले असतात. नवा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात घाईघाईने ६३ युरोंचं वेगळं काढतो आणि एकाच प्रवासाचे दोनदा पैसे जातात. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तर ‘युगेंडतिकीट’ म्हणून तरुणांसाठी वेगळं स्वस्त तिकीट आहे. एकवीसच्या आतल्या सगळ्यांना, आणि विद्यार्थी किंवा कामाचं प्रशिक्षण घेणारा असेल तर सत्ताविसाव्या वर्षापर्यंत. नर्सिंगच्या किंवा इलेक्ट्रिशियनच्या प्रशिक्षणाला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना ते लागू पडू शकतं. एजंट विमानाचं तिकीट, व्हिसा, रूम सगळं सांगतो. हे सांगत नाही. तेव्हा जायच्या आधीच्या बैठकीत तुम्हीच विचारा, ‘माझा दर्जा काय, आणि त्याला कोणतं तिकीट?’

कंडक्टर येणार नाही

आता एक सवयीची गोष्ट. एसटीत आपण आधी चढतो, बसतो, मग कंडक्टर येतो, ‘कुठं?’ म्हणतो आणि तिकीट देतो. तिकीट न घेता चढणं हा आपल्याकडे गुन्हा नाही, तीच पद्धत आहे. पिढ्यानपिढ्या. युरोपातल्या बहुतेक शहरांत याच्या नेमकं उलट आहे. स्टेशनला फाटक नसतं, कुणी अडवत नाही, दार उघडं असतं. बसून घेतो, कुणी आलं तर काढू, असं वाटणं अगदी साहजिक. पण येणारा माणूस तिकीट विकायला येत नाही, तपासायला येतो. जर्मनीत अशा वेळी साठ युरो दंड, आणि विनातिकीट प्रवास तिथल्या दंडसंहितेच्या कलम २६५-अ मध्ये बसतो. तो गुन्हा ठेवावा की नाही यावर तिथे वाद चालू आहे, पण वाद चालू आहे म्हणजे कलम रद्द झालेलं नाही. व्हिसावर असलेल्या माणसाने अशा नोंदीपासून लांबच राहावं.

इटलीत आणखी गंमत. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलं तरी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नाही म्हणजे तिकीट वापरात आलेलं नाही, म्हणजे दंड. पैसे भरलेले असूनही.

ब्रिटनमधलं एक प्रकरण तर मुलांनी मुद्दाम वाचावं असं आहे. तिथे सोळा ते पंचवीस वयाच्यांसाठी ‘रेलकार्ड’ मिळतं, वर्षाला ३५ पौंड, आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. राहण्याची अट नाही, भारतीय विद्यार्थ्यालाही मिळतं. सव्वीस पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशीपर्यंत काढता येतं. लंडनहून मँचेस्टर किंवा एडिनबर्ग एक-दोनदा केलं की पैसे वसूल. पण त्याला एक बारीक अट आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आत, जुलै-ऑगस्ट सोडून, सवलतीच्या तिकिटाची एक किमान किंमत असते. तेव्हा ती बारा पौंड होती. सप्टेंबर २०२४ मध्ये बावीस वर्षांच्या एका इंजिनिअर पोराने सकाळच्या गाडीचं सवलतीचं तिकीट काढलं. तिकीट खरं होतं, कार्डही खरं होतं, पण या अटीमुळे ते त्या वेळेला चालत नव्हतं. फरक निघाला एक पौंड नव्वद पेन्सचा. रेल्वे कंपनीने खटल्याची नोटीस धाडली. बातम्या झाल्या, गदारोळ उठला आणि कंपनीने प्रकरण मागे घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या न्यायालयाने विनातिकीट प्रवासाचे सुमारे ७४ हजार निकाल रद्दबातल ठरवले होते, कारण कंपन्यांनी ते एकाच न्यायाधीशापुढच्या झटपट पद्धतीने चालवले होते आणि तसा त्यांना अधिकारच नव्हता.

त्या मुलाला स्थानिक पत्रकार मिळाले, भाषा त्याची होती, व्हिसा लागत नव्हता. तुमच्याकडे यातलं काय असेल, याचा विचार करा. सवलतीचं तिकीट काढताना नियमांची ती बारीक ओळ वाचायला लागणारी दोन मिनिटं आपल्याला जास्त मोलाची आहेत ती यामुळे.

टॅप करा, पण कोणतं कार्ड?

शहरातल्या प्रवासाचं चित्र वेगळं आहे. तिथे पास हळूहळू मागे पडतोय आणि बँकेचं कार्ड फाटकाला लावून आत जायची पद्धत वाढतेय. लंडनमध्ये ऑयस्टर कार्ड २००३ पासून आहे. बँकेचं कार्ड बसमध्ये २०१२ पासून आणि भुयारी रेल्वेत २०१४ पासून चालतं. दिवसाची एक कमाल मर्यादा असते, तिच्यापुढे कितीही फिरा, पैसे कापले जात नाहीत. म्हणजे पास न काढता पासाचा फायदा. पण जाताना कार्ड लावलं आणि येताना फोन लावला, तर दोन्हींमागे बँक खातं एक असलं तरी यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात. मर्यादा लागू होत नाही आणि अर्धवट प्रवासाचं जास्त भाडं लागतं. एकच वस्तू, शेवटपर्यंत. आणि दोघं असाल तर दोन कार्डं. एकावर दोघं जात नाहीत.

इथेही कागदावर कोण, हे आहेच. रेलकार्ड असलेल्या मुलाने स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ते ऑयस्टरला जोडून घेतलं तर गर्दीची वेळ सोडून एक तृतीयांश सूट मिळते. बँकेच्या कार्डाला ती सोय नाही. पाहुण्याला बँक कार्ड बरं, विद्यार्थ्याला ऑयस्टर. पॅरिसमध्ये तसंच आठवड्याच्या ‘नाविगो’ पासाचं. तो सोमवार ते रविवार असाच चालतो, काढल्या दिवसापासून सात दिवस असा नाही. शुक्रवारी पोहोचलेल्याला तो त्या आठवड्यापुरता मिळतही नाही. विमानाचं तिकीट सोमवारी पोहोचणारं असेल तर मात्र उत्तम.

टॅप-पद्धत सगळ्यांना सोयीची असते असंही नाही, हे सिंगापूरने दाखवलं. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की जुनी भाडेकार्डं जूनपासून बंद, सगळ्यांनी नव्या ‘सिंपलीगो’ पद्धतीवर यायचं. नव्या पद्धतीत फाटकातून जाताना किती कापले आणि किती उरले, हे दिसत नाही. ते अॅपमध्ये बघायचं. लोक चिडले. म्हातारी माणसं, पालक, सगळेच. दोन आठवड्यांच्या आत सरकारने निर्णय फिरवला आणि जुनी कार्डं चालू ठेवायला चार कोटी सिंगापूर डॉलर खर्चायचं मान्य केलं. शिल्लक डोळ्यांसमोर दिसावी ही मागणी मागासलेपणाची नव्हती. मोजून पैसे घेऊन निघालेल्या पाहुण्यालाही तेच हवं असतं. शिवाय परदेशी बँकेचं कार्ड तिथे टॅप केलं तर वापराच्या प्रत्येक दिवसामागे वेगळं शुल्क लागतं. चार-पाच दिवस राहणार असाल तर तिथलं भाडेकार्ड घेतलेलं बरं.

जपानमध्ये फोनचा मुद्दा येतो. तिथलं ‘सुइका’ कार्ड आयफोनमध्ये घेता येतं. पण भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये त्याला लागणारी जपानी सोय नसते, फोन कितीही महागाचा असला तरी. चिपच्या तुटवड्यामुळे साध्या कार्डाची विक्री जून २०२३ पासून थांबवली होती, ती मार्च २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यामुळे अँड्रॉइडवाल्यांनी उतरल्यावर प्लॅस्टिकचं कार्ड घ्यावं आणि ते भरायला रोख येन जवळ ठेवावेत. पाहुण्यांसाठीचं ‘वेलकम सुइका’ अठ्ठावीस दिवस चालतं, अनामत लागत नाही, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, बेताने भरा. आणि हे कार्ड शहरातल्या शहरात. टोकियोत टॅप करून ओसाकात बाहेर पडता येत नाही.

आता आपल्या बाजूचं. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवं किंवा बदलून मिळालेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालतं. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर आणि टॅप, या तिन्ही गोष्टी ग्राहकाने स्वतः चालू करायच्या असतात. ज्या कार्डावर गावातल्या पंपावर वर्षभर पिन टाकून पेट्रोल भरलं, ते लंडनच्या फाटकात मुकाट लाल दिवा दाखवतं ते यामुळे. बँकेच्या अॅपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. परदेशी चलनात पैसे कापताना बँक टक्केवारी लावते, अनेक कार्डांवर ती साडेतीन टक्क्यांपर्यंत असते, वर त्या रकमेवर जीएसटी. रोज चार वेळा टॅप करणाऱ्याने फॉरेक्स कार्डाचा दर आणि हा दर शेजारी ठेवून बघावेत. रुपे कार्ड तिथल्या फाटकांवर चालेल असं धरून चालू नका. यूपीआयचंही तेच. फेब्रुवारी २०२४ पासून आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयने काढता येतं ही बातमी सगळ्यांनी वाचली, म्हणून खालच्या मेट्रोत क्यूआर कोड शोधत बसू नका.

हे सगळं असं का होतंय? जपानमध्ये २०२४ साली ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले, येन स्वस्त झालेला, गाड्या भरलेल्या. पाहुण्यांना आणखी सवलत द्यायचं कारणच उरलं नाही. जर्मनीत तिकिटाचा तोटा तिथल्या करदात्याच्या खिशातून जातो, म्हणून सवलतीचा ओढा राहणाऱ्याकडे, शिकणाऱ्याकडे, काम करणाऱ्याकडे आहे. त्यात अन्याय आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडे एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, तेही आपल्याच तिजोरीतून. अडचण एवढीच की जाहिरात पाहुण्यांच्या महागड्या पासाची होते आणि राहणाऱ्याचं स्वस्त तिकीट कॉलेजच्या किंवा नगरपालिकेच्या खिडकीमागे दडलेलं असतं, बहुतेक वेळा तिथल्याच भाषेत. ट्रॅव्हल एजंटला पहिल्यावर कमिशन मिळतं, दुसऱ्यावर नाही. युट्यूबवरच्या प्रवास-व्हिडिओंचंही बरंचसं तसंच. स्वित्झर्लंडच्या पासाचं गुणगान करताना किती जण सांगतात की युंगफ्राउयोखच्या शिखरापर्यंत तो चालत नाही, वरच्या टप्प्याला फक्त पंचवीस टक्के सूट मिळते? आणि आपली मंडळी स्वित्झर्लंडला जातात ती मुख्यतः त्याच शिखरासाठी.

तेव्हा निघायच्या आधी वहीत एक पान घ्या. वर व्हिसाचा प्रकार लिहा, खाली वय, त्याखाली तिथे किती दिवस. मग रोज कुठून कुठे जाणार ते लिहा आणि त्या देशाच्या रेल्वेच्या मूळ संकेतस्थळावर प्रत्येक तिकिटाची किंमत बघून समोर मांडा. बेरीज पासापेक्षा कमी आली तर पास विसरा. जर्मनीला जाणार असाल तर त्याच पानावर दहा तारखेला गोल करा, आणि ते पान घरी ठेवू नका, बरोबर न्या.